ज्याला पत्ताच नाही, त्याची लिंक कुठून द्यायची? इंदूरच्या एका मराठी संकलकाचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची आणि संस्थांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. संकलक म्हणजे ठिकठिकाणच्या मजकुराच्या लिंक एका जागी गोळा करणारी साइट. ती काढणाऱ्या तिघांपैकी एक मी, त्यामुळे तटस्थतेचा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

इंदूरमधला मराठी माणूस रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर असा विखुरलेला. होळकरांच्या काळापासून इथे आहोत, त्यामुळे संस्था भरपूर: व्याख्यानमाला, नाटकं, कीर्तनं, गणेशोत्सव, कोजागिरी. रविवारी संध्याकाळी दोन ठिकाणी दोन चांगले कार्यक्रम असायचे आणि दोन्हीकडे निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सोमवारी कोणीतरी म्हणायचंच, "अरे, आम्हाला कळलंच नाही!"

२०१६च्या दिवाळीत आम्ही तिघांनी यावर काहीतरी करायचं ठरवलं. एक काका, बँकेतून निवृत्त, शहरातल्या प्रत्येक मराठी संस्थेत ज्यांचा एक तरी मित्र आहे असे. दुसरी, एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी मुलगी. तिला इथे ताई म्हणतो, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान असली तरी. तिसरा मी. माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, हँडबिलं, स्मरणिका. ही शेवटची माहिती लक्षात ठेवा, कारण आम्ही स्वतः ती पाच वर्षं लक्षात ठेवली नाही.

ताईच्या डोळ्यांसमोर डिग (२००४), रेडिट (२००५) आणि हॅकर न्यूज (२००७) या अमेरिकेतल्या साइटी होत्या. लोक लिंक टाकतात, बाकीचे वर-खाली मत देतात, चांगलं ते वर येतं. काकांनी पूर्वी मराठीब्लॉग्ज.नेट पाहिलेलं होतं. तिथे ब्लॉगची नोंद केली की नवा लेख आपोआप यादीत यायचा. आम्ही दोन्हींचं मिश्रण केलं. कोणीही सभासद लिंक देऊ शकेल, शिवाय आमचा प्रोग्रॅम दर अर्ध्या तासाने नोंदवलेल्या ब्लॉगांचं फीड (ब्लॉगवरचं नवं लिखाण प्रोग्रॅमला वाचता येईल अशा रूपात देणारी फाइल) वाचेल आणि मथळा, तारीख, लिंक उचलून आणेल. ताईने मुक्त स्रोत असलेलं एक तयार सॉफ्टवेअर घेतलं, मराठी केलं, आणि साइट चालू झाली. पहिल्या दिवशी काकांनी सत्तर जणांना फोन केले. फोनवर वेबसाइटचा पत्ता स्पेलिंगसकट सांगणं हे काय काम असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

अडचण

पहिलं भांडण खालच्या बाणावरून, म्हणजे नापसंतीच्या मतावरून झालं. अमेरिकेतल्या साइटवर मत देणारा अनोळखी असतो. इथे सगळे एकमेकांचे मामा, साडू नाहीतर शाळेतले वर्गमित्र. एका बाईंच्या लेखाला कोणीतरी खालचा बाण दिला. त्यांनी काकांना गाठलं, "नाव सांगा, मी काही बोलणार नाही त्याला." काकांनी नाव सांगितलं नाही, म्हणजे काकांनीच दिलं असणार असं ठरलं. हळदीकुंकवाला काकू गेल्या तर तिथेही तोच विषय. तिसऱ्या महिन्यात खालचा बाण काढला. अशा बाणाची गरज आपल्या गावात आहे का, हा प्रश्न आम्ही चालू करण्याआधी एकदाही विचारला नव्हता. होता म्हणून घेतला.

मग वरच्या बाणाचा खेळ. एका नाट्यमंडळाच्या सगळ्या कलाकारांनी तालमीच्या हॉलवर बसून, एकाच वायफायवरून, आपल्या प्रयोगाला मतं दिली. दुसऱ्या मंडळाने पुढच्या आठवड्यात तेच केलं. डिगवरही गट करून मतं फिरवण्याचे आरोप झाले होते, हे वाचून आम्हाला जरा प्रतिष्ठा आल्यासारखं वाटलं, पण उपाय काही सापडला नाही. दिवसभरात एकूण वीस मतं पडत असतील, तर आठ माणसं म्हणजे लाटच की!

खरा दोष मात्र क्रम लावण्याच्या सूत्रात होता आणि तो कळायला आम्हाला वर्ष लागलं. रेडिटने आपलं मूळ सूत्र पूर्वी खुलं ठेवलं होतं. त्यात मतांचा लॉगरिदम घेतात आणि वेळ ४५,००० सेकंदांच्या मापात मोजतात. साध्या भाषेत, साडेबारा तास जुन्या गोष्टीला नव्या गोष्टीच्या बरोबरीला राहायला दहापट मतं लागतात. बातमीसाठी हे अगदी बरोबर, कारण बातमी शिळी होते. पण येत्या रविवारच्या व्याख्यानाची लिंक कोणी मंगळवारी टाकली, तर ती गुरुवारी तळाला आणि शनिवारी दुसऱ्या पानावर. म्हणजे कार्यक्रम जसजसा जवळ येईल तसतसा तो आमच्या साइटवर दिसेनासा व्हायचा. ज्या "आम्हाला कळलंच नाही"साठी साइट काढली, तेच ती दर आठवड्याला इमानेइतबारे घडवून आणत होती. काकांनी हे पहिल्यांदा दाखवलं, तेही तक्रार म्हणून नव्हे. "माझा फोन खराब आहे का बघ, कीर्तन खाली खाली जातंय."

चौथी गोष्ट आमची चूक, सरळ. फीडमधून पूर्ण लेख येत होता, आम्ही पूर्ण लेख दाखवत होतो. ब्लॉग लिहिणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्या एकादशीच्या एकादशीला लिहितात, माळव्यातल्या मराठी घरांतले पदार्थ आणि त्यांच्या गोष्टी. म्हणाल्या, "लोक मला रस्त्यात भेटून सांगतात लेख छान होता. माझ्या पानावर मात्र कोणी फिरकत नाही. तुमच्याकडेच जेवून जातात." त्याच दिवशी आम्ही मथळा आणि दोन ओळी एवढंच ठेवलं. स्पेनमध्ये याच मुद्द्यावर, उताऱ्याचे पैसे द्यायचा कायदा झाला म्हणून, गुगलने २०१४च्या डिसेंबरात तिथलं आपलं बातम्यांचं संकलन, गुगल न्यूज, बंद केलं आणि ते २०२२ साली परत आलं. आमचं भांडण एका फोनवर मिटलं, कारण त्या बाई समजूतदार होत्या.

हे सगळं निस्तरता आलं असतं. निस्तरता न येणारी गोष्ट हळूहळू झाली. फीड आटत गेले. ब्लॉग लिहिणारे फेसबुकवर गेले, तिथून व्हॉट्सअॅपवर. संस्थांच्या साइटी होत्या, त्यांचे डोमेन कोणी नूतनीकरण केले नाहीत. आणि कार्यक्रमांच्या पत्रिका? त्या आता फक्त फोटो होत्या. एक जेपीजी, शंभर ग्रुपांत फॉरवर्ड. "कीर्तनाची लिंक टाका" म्हटलं की लोक विचारायचे, "कसली लिंक? फोटो आहे ना!" बरोबरच होतं त्यांचं. लिंक गोळा करणाऱ्या साइटचं एक गृहीतक असतं, की वस्तू कुठेतरी एका पत्त्यावर ठेवलेली आहे, आपण फक्त बोट दाखवायचं. आमच्या गावातल्या बहुतेक मराठी मजकुराला पत्ताच उरला नव्हता.

समोर असलेले पर्याय

२०२२च्या जानेवारीत होस्टिंगचे पैसे भरायची वेळ आली, आणि ताईचं लग्न ठरून ती पुण्याला जाणार हेही कळलं. एका रविवारी सकाळी काकांच्या घरी बसलो. पोहे, जिलबी, वर शेव. काकांनी वहीत पर्याय लिहिले.

बंद करणं हा पहिला. लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. फीड वाचायचं गुगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं, नव्या साइटी सुचवणारं स्टंबलअपॉन ३० जून २०१८ला. काका म्हणाले, "भल्याभल्यांनी शटर ओढलंय, आपण कोण?"

दुसरा, सगळं फेसबुकच्या एका ग्रुपवर नेणं. फुकट, सोपं, माणसं तिथे आहेतच. पण तिथला क्रमही आपल्या हातात नाही, आणि सूत्र तर दिसतही नाही. शिवाय जुनं काही शोधायला गेलं तर हाती लागत नाही.

तिसरा अॅपचा. सगळीकडच्या मराठी बातम्या आपोआप ओढणारं अॅप. यावर पाच मिनिटंही घालवली नाहीत. ते काम डेलीहंटसारखी अॅप्स मराठीतून करतच होती, आणि मुंबईची बातमी इंदूरच्या माणसाला मिळत नाही अशी तक्रार कधी कोणाची नव्हतीच.

चौथा, साइट सोडून व्हॉट्सअॅपवर दर शुक्रवारी हाताने निवडलेली यादी. हा काकांचा आवडता. मलाही पटला होता. आम्ही जवळजवळ तोच घेतला असता.

तेव्हा ताईने लॅपटॉप उघडून नोंदी दाखवल्या. लोक आमच्या पहिल्या पानावर येतच नव्हते. जे यायचे ते गुगलवरून, थेट जुन्या पानांवर. शोधलेले शब्द असे: अमुक व्याख्यानमाला २०१८ वक्ते, तमुक शाळा माजी विद्यार्थी मेळावा. त्यातला एक प्रसंग मला माहीत होता. एका संस्थेच्या सचिवांना स्मरणिकेसाठी मागच्या वर्षांच्या वक्त्यांची यादी हवी होती. त्यांच्या दप्तरात सापडत नव्हती, त्यांची जुनी साइट बंद पडलेली. आमच्याकडे लिंक मेलेली होती, पण मथळा, तारीख आणि दोन ओळी जिवंत होत्या. ती स्मरणिका माझ्याच दुकानात लागली, आणि यादी त्यांनी माझ्याच साइटवरून उतरवून माझ्याकडे टाइप करायला आणली!

(हे आमच्यापुरतं नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली तपासलं, तर २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. तोवर आम्ही आपल्या अनुभवाने तिथे पोचलो होतो.)

ताई म्हणाली, "दादा, लोकांना आपली मतं नकोयत. त्यांना पान हवंय. तुम्ही एक सांगा, ही पत्रिका फोटो होण्याआधी कुठे असते?"

मी म्हणालो, "माझ्या कॉम्प्युटरवर."

काकांनी जिलबी खाली ठेवली. पाच वर्षं आम्ही शहरभर जो मजकूर शोधत होतो, त्यातला बराचसा माझ्याच टेबलावर टाइप होत होता. ग्राहक हाताने लिहिलेला कागद आणतो, मी श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतो, कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडतो, तो "ओके" म्हणाला की अक्षरं कर्व्ह करतो, त्यांचे नुसते आकार ठेवतो, म्हणजे प्रेसवर फाँट बदलायला नको, आणि शेवटी तो म्हणतो, "भिया, एक वाट्सअपवाला भी बना दो." मी जेपीजी देतो. त्या एका क्षणी अक्षरांचं चित्र होतं, आणि ते चित्र करणारा मीच.

म्हणून पाचवा पर्याय, जो वहीत नव्हता. लिंक गोळा करणं थांबवायचं आणि कार्यक्रमाला पान द्यायचं.

काय केलं

दुकानात एक साधा नियम केला. सार्वजनिक कार्यक्रमाची पत्रिका पक्की झाली की ग्राहकाला विचारायचं, "साइटवर टाकू का?" लग्न, मुंज, वास्तुशांत यांना विचारायचंही नाही. हो म्हणाला तर मजकूर साइटवर चढवायचा, त्याचं पान तयार होतं, आणि त्या पानाचा छोटा पत्ता पत्रिकेच्या तळाशी छापायचा. जेपीजी शंभर ग्रुपांत फिरली तरी पत्ता तिच्यासोबत फिरतो.

ऐकायला सोपं आहे. श्रीलिपीचा मजकूर तसाच साइटवर चिकटवला तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरं, करावं लागतं, आणि कन्व्हर्टर "दुसऱ्या", "वाऱ्यावर" अशा शब्दांत अडखळतो. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण शोधणाऱ्या प्रोग्रॅमला ते दोन वेगळे शब्द. "दुसऱ्या पुष्पाचं" व्याख्यान शोधणाऱ्याला ते सापडायचं नाही आणि आम्हाला कारण कळायचं नाही. ताईने पुण्याहून एक ओळ घातली, साठवताना दोन्ही रूपं एक करणारी. या एका ओळीने शोध जितका सुधारला तितका आधीच्या पाच वर्षांतल्या कशानेही सुधारला नव्हता.

बाण काढून टाकले, वरचाही. क्रमाचं सूत्र उलटं केलं: कार्यक्रम जवळ येईल तसा वर, होऊन गेला की जुन्यांत. मोजणी कुठेच दाखवायची नाही. "किती जण येणार" हे बटण ठेवावं का यावर बराच वाद झाला. काका हवं म्हणत होते, खुर्च्या मांडायला बरं. मी विरोधात होतो, कारण दोन मंडळं परत वायफायवर बसली असती. नाही ठेवलं.

दुसऱ्या डीटीपीवाल्यांकडे मात्र गाडी अडली. दोघांना भेटलो, दोघांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. एकाने स्पष्टच सांगितलं, "माझ्या ग्राहकाचा मजकूर तुझ्या साइटवर, उद्या ग्राहकही तुझ्याकडे." त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो.

मग त्यांच्या पत्रिकांसाठी फोटोवरून अक्षरं ओळखायचा मार्ग घेतला. मोबाइल आता मराठी अक्षरं बऱ्यापैकी वाचतो. पण नक्षीदार फाँटमधला १ आणि ९ त्याला सारखेच. ११ तारखेचं कीर्तन आम्ही १९ला लावलं. दोन वयस्क जोडपी १९ला हॉलवर गेली, कुलूप. त्यातले एक आजोबा दुकानात आले, ओरडले नाहीत, फक्त रिक्षाचे पैसे किती झाले ते सांगितलं. मी द्यायला लागलो तर घेतले नाहीत, त्याने जास्तच लागलं.

त्यानंतरचा उपाय काकांचा, बँकेतल्या सवयीचा. प्रत्येक पत्रिकेवर तारखेसोबत वार असतो. दोन्ही जुळतात का ते आधी तपासायचं. ११ला शनिवार असेल तर १९ला रविवार येतो, पत्रिका शनिवार म्हणते, म्हणजे गडबड. आता जुळलं नाही तर पान चढतच नाही, कोणीतरी आयोजकांना फोन करतो. कोणीतरी म्हणजे काका.

काय झालं

ज्या कसोटीवर साइट काढली होती तिच्यावर निकाल अर्धामुर्धा. "कळलंच नाही" म्हणणारे अजूनही आहेत, कारण शहरातल्या निम्म्या पत्रिका आमच्यापर्यंत येतच नाहीत. पण ज्या येतात त्यांचं पान राहतं. ३१ मे २०२५ला अहिल्यादेवींची ३००वी जयंती होती. त्या आठवड्यात शहरात जिकडेतिकडे व्याख्यानं, प्रदर्शनं, कीर्तनं. पहिल्यांदाच असं झालं की लोक एकमेकांना फोटोऐवजी आमच्या यादीचा पत्ता पाठवत होते.

साइट माझ्या दुकानाची जाहिरात वाटते, ही टीका झाली. टीका रास्त आहे. पानावर दुकानाचं नाव नाही, पण गावाला माहीत आहे. याला उत्तर अजून सापडलेलं नाही.

पुढे अशा साइटींचं काय, हे आम्हाला बरेच जण विचारतात, विशेषतः आता शोधयंत्रच वर सारांश लिहून देतं म्हणून. माझं मत असं. नुसतं बोट दाखवण्याचं काम यंत्र करेल, करतंच आहे. रेडिटकडे पाहा. सुरुवातीला तिथे फक्त लिंक होत्या, प्रतिक्रियांची सोय नंतर आली. आज त्या लिंकांना कोणी पैसे देत नाही. २०२४च्या सुरुवातीला गुगलने वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर देऊन करार केल्याची बातमी आली, तो माणसांनी तिथेच बसून लिहिलेल्या मजकुरासाठी. आणि तो मजकूर लिहिणारे, सांभाळणारे बिनपगारी. जून २०२३मध्ये एपीआयच्या, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमांनी रेडिट वाचण्याच्या, दरावरून रेडिटवरच्या हजारो विभागांनी दारं लावून घेतली होती. आमच्याकडेही बिनपगारी माणूस एकच, काका, त्यामुळे संपाची भीती नाही. त्यांचं वय हीच काय ती भीती.

पुन्हा करायचं झालं तर

बाण घेणार नाही. तयार सॉफ्टवेअरमध्ये जे आहे ते सगळं चालू ठेवण्याआधी प्रत्येक बटणाला विचारेन, तू इथे कशाला. यात आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, पैशाचं नाही, माणसांचं. त्या खालच्या बाणाच्या बाई परत आल्या नाहीत.

पहिल्या दिवसापासून प्रत्येक लिंकची प्रत वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर ठेवेन. ते २००१पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, फुकट आहे, आम्हाला माहीत होतं. आळस.

दुसऱ्या डीटीपीवाल्यांकडे साइट काढून झाल्यावर नव्हे, काढण्याआधी गेलो असतो, आणि चालवायला कोणा तिसऱ्याच्या हातात दिली असती, ग्रंथालय किंवा एखादा महाविद्यालयीन विभाग, तर कदाचित हो म्हणाले असते. कदाचित. तो चहा पाजणारा बहुधा तेव्हाही नाहीच म्हणाला असता.

सध्या एक गोष्ट लोंबकळत आहे. ताई म्हणते फीड वाचणारा जुना भाग काढून टाकू, त्याच्यासाठी सर्व्हर उगाच अर्ध्या अर्ध्या तासाने उठतो. यादीत जिवंत फीड चारच उरलेत. तीन महिनोन् महिने गप्प असतात. चौथं त्या माळव्याच्या पदार्थांवर लिहिणाऱ्या बाईंचं. मागच्या एकादशीला त्यांनी साबुदाण्याच्या खिचडीत इंदूरचा माणूस शेव का घालतो यावर लिहिलं, आणि सकाळी साडेसहाला मथळा अन् दोन ओळी आमच्या पानावर आल्या. ताईला मी अजून हो म्हटलेलं नाही.